बापदेवावरचं कालवण

रविवार आमच्या घरात कुणालाच आवडत नसे. मी तेव्हा कॉलेजात जाणारी पोर, मला सुट्टी नकोशी वाटावी हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळपासूनच आमच्या आयचा चेहरा उतरायचा. आय म्हणजे आई. आमच्या आगरी घरात आई म्हणण्याची पद्धत नव्हती, आणि आता मुलं-नातवंडं मला कितीही सुधारायला बघोत, माझ्या तोंडून तिच्यासाठी दुसरा शब्द निघत नाही. आय रविवारी सकाळी चूल पेटवतानाच रस्त्याकडे कान लावायची. आधी कोंबड्या बिथरायच्या, मग लांबून टेपचा धडधड आवाज यायचा, मग पोरांच्या आरोळ्या. "आले गो बाय," असं म्हणून ती परातीतलं पीठ मळायला घ्यायची, आणि त्या पिठाची काही खैर नसायची.

आमचं गाव खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी. घरामागून एक पायवाट निघते, ती ओहोळाच्या कडेनं थेट धबधब्यापर्यंत जाते. बेलापूरपर्यंत लोकल आली आणि सगळ्या मुंबईला या धबधब्याचा शोध लागला. आम्ही तो जन्मापासून बघत होतो, त्यामुळे त्यात शोधण्यासारखं काय आहे ते आम्हाला कळत नव्हतं. त्याआधीही माणसं यायची, पण मोजकी. परळचे एक मास्तर दरवर्षी बायकामुलांना घेऊन यायचे. अंगणाबाहेर उभे राहून "येऊ का?" म्हणून विचारायचे. चपला आमच्या पडवीत काढून ठेवायचे. बाबा त्यांच्याबरोबर वर जायचे, कुठे पाणी खोल आहे, कुठे दगड निसरडा आहे ते दाखवायचे. परतताना आय त्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायची, मास्तरीणबाई डब्यातून चकल्या आणायच्या. त्या चकल्यांची आम्ही भावंडं वर्षभर वाट बघायचो. कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत, ते गृहीतच असायचं.

मग एकदम लोंढाच सुरू झाला. टेम्पो भरभरून माणसं. अंगणातून न विचारता जायचं, आमच्या परसातल्या आवाटात कपडे बदलायचे, वाळत घातलेल्या लुगड्याला हात पुसायचे. आयला "ए बाई, पानी दे" म्हणणारी पोरं मी ऐकली आहेत, तिच्या पोरांच्या वयाची. खरं तर आमचीही जीभ तोवर तिखट झाली होती. आमच्याकडे बाबांची विधवा बहीण राहायची, आमची आत्या. तिनं एका रविवारी विहिरीवरचा दोर आणि बादली उचलून थेट माजघरात आणून ठेवली. बाबा शेतावरून आले आणि बघतच राहिले.

"दोर कनाला काढलास?"

"त्याना पानी नाय द्याचा. परवा यकानं बादलीन पाय धुतले."

"दारान आल्यालं मानूस तान्हेलं जाल?"

"जाऊं दे. तुजे पावने काय ते? मंग ने त्याना घरान नि जेवाला घाल!"

बाबांनी दोर उचलला आणि पुन्हा विहिरीवर नेऊन बांधला. पुढच्या रविवारी आत्यानं तो पुन्हा काढला. हे सगळा आषाढभर चाललं. बाबा मुळात कमी बोलणारे, आणि आत्या बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, पण दोराच्या बाबतीत दोघांनीही माघार घेतली नाही. गावातल्या पोरांनी तर वाटेवर बांबू आडवा टाकायला सुरुवात केली होती. "रस्ता बंद हाय" एवढंच म्हणायचं, कारण सांगायचं नाही. पूर्वी ज्या वाटेवर माणसाला हात धरून नेत होते, त्याच वाटेवर आता आमची पोरं छाती काढून उभी राहायची, आणि त्यांना त्यात मजाही यायला लागली होती. या पोरांच्या पुढे माझा थोरला भाऊ हरेश.

हरेशचं एक कारण होतं. सरकारनं गावच्या जमिनी घेतल्यावर आमच्याकडे डोंगराच्या कुशीतला एक तुकडा तेवढा उरला होता. तिथे भात लावताना चिखलात फुटक्या बाटलीची काच आयच्या तळव्यात शिरली. इतकी खोल, की ती बांधावर बसली आणि तिला उठता येईना. हरेशनं तिला पाठीवर घरी आणलं. त्यानंतरच्या रविवारी बाटली घेऊन वर जाणाऱ्या एका पोराला त्यानं असा काही चोपला की त्याचा खांदा निखळला. पोलीस आले. बाबा चौकीवर जाऊन हात जोडून बसले, त्या पोराच्या बापालाही दया आली, आणि प्रकरण मिटलं. पण फौजदारांनी सांगून ठेवलं, पुन्हा याचं नाव आलं तर सोडणार नाही. आणि नेमकं त्याच महिन्यात हरेशला तळोज्याच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागत होती. चौकीतून चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळायचा तेवढा बाकी होता. घरात पगाराची नोकरी लागणारा तो पहिला माणूस. शेत गेलेलं, बाबांचे गुडघे गेलेले. आयची ती उतरलेली मुद्रा पाहुण्यांमुळे नव्हती हो, हरेशमुळे होती. तिला एवढंच हवं होतं की पावसाळा संपेपर्यंत याचा हात कुणावर उठू नये.

म्हणून त्या रविवारी तिनं त्याला कौलं शाकारायला छपरावर चढवलं. शिडी काढून पडवीत घेतली आणि स्वतः तिच्यावर पाय ठेवून लसूण सोलत बसली. हरेश वरून ओरडत होता, "आय, आता गलत नाय, मना उतरूं दे," आणि ती म्हणत होती, "त्या कोपऱ्यान बग, तिकरं गलतंय." उघडीप होती. आमच्या अंगणातून चार-पाच टवाळ पोरं बूट घालून भाताच्या तरव्यातून चालत गेली, रोपं तुडवत. हरेशनं छपरावरूनच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातला एक लाल टोपीवाला वळून म्हणाला, "तू खाली ये, तुला दाखवतो. नाव काय तुझं?" हरेशनं छाती ठोकून नाव सांगितलं. गाढवच ते. ती पोरं तशीच माघारी गेली, आणि आम्हाला वाटलं, बला टळली.

पण दुपारी आत्या धावत आली. ती टाकळ्याची भाजी खुडायला गेली होती आणि पदर रिकामाच होता. अंगणात येऊन ती किंचाळली, "बापदेवाची चूल केली रं! बापदेवावं कालवन ठेवलाय!"

बापदेव म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचे तीन दगड, करंजाच्या झाडाखाली. त्यांना शेंदूर लावत नाहीत, वर छप्पर घालत नाहीत. अमावास्येला आमच्या घरचं तेल त्यांना चोपडायचं, हा आमच्या घराचा मान. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलानं ते काळे कुळकुळीत झालेले. दरवर्षी लावणी उरकली की गावचे पुरुष तिथे कोंबडा शिजवायचे आणि तिथेच खायचे. ते दगड कुणी हलवल्याचं ऐकिवात नव्हतं. हलवायचे म्हटले तरी हलले नसते, एवढे जड.

हरेशनं शिडीची वाट बघितली नाही. पडवीच्या छपरावरून सरळ अंगणात उडी मारली, कुंपणाची काठी उपसली आणि पळाला. गावातून पोरं निघाली, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात वल्हं. लंगडत लंगडत आय दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरच बसली. मला म्हणाली, "जा, तुज्या बापाला सांग. आज माजा पोर गेला." मी शेताकडे धावले. बांधावर दोनदा पडले. बाबांनी माझं ऐकून घेतलं, हात धुतले, आणि त्यांच्या त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जेवढं भरभर चालता येतं तेवढं चालायला लागले. मला वाटत होतं त्यांना उचलून न्यावं.

आम्ही पोचलो तेव्हा करंजाच्या झाडाखालची जागा रिकामी होती. नुसते तीन ओले खड्डे. थोड्या अंतरावर सपाटीला ते तीन दगड चुलीसारखे मांडलेले, त्यांच्यावर मोठा टोप, आणि टोपात लालभडक रस्सा रटरटत होता. भोवती आमची पोरं काठ्या घेऊन उभी. मध्ये काही पुरुष, त्यांच्या आड बायका आणि मुलं, अगदी एकमेकांना चिकटून. ती टवाळ मंडळी नव्हती ही. सातारकडची माणसं, वाशीच्या मार्केटात हमाली करणारी. एका टोळीतले गडी बायकापोरं घेऊन सुट्टीला आले होते. त्यांचा म्होरक्या मिशाळ, पांढऱ्या टोपीचा, त्याला सगळे ज्ञानूतात्या म्हणत होते. त्यानं हात जोडले होते.

"दादा, आमी काय जाणूनबुजून क्येलं न्हाय. काळं दगड बगितलं. वाटलं, कुणीतरी चूल मांडून गेलंय."

"चूल?" हरेशचा आवाज चिरकला होता. "आमच्या आज्याच्या आज्यानं हालवले नाय ते दगड! तुमी हालवले कसे?"

ज्ञानूतात्या गोंधळला. "उचललं की. पोती उचलतो न्हवं आमी."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हे सांगायलाच हवं, की दुसऱ्या कुठल्याही पाहुण्यांच्या हातून ही चूक झालीच नसती. मुंबईच्या कॉलेजातली पोरं तो एक दगड हलवता हलवता आडवी झाली असती. ज्यांच्या पाठीला पोत्यांची सवय, त्यांनाच ते जमलं, आणि त्यांना ते जड वाटलेही नव्हते. त्या सगळ्या पावसाळ्यात आलेल्यांत बहुधा हीच माणसं सगळ्यांत साधी. वाटेत भेटलेल्या म्हातारीला रामराम घालून आली होती, असं नंतर कळलं. आमच्या पोरांच्या तावडीत नेमकी ती सापडली.

हरेशची काठी वर गेलेली मी पाहिली. बाबा सरळ त्या काठीखालून आत गेले आणि टोपाजवळ उकिडवे बसले. रश्शाचा वास घेतला. मग मान वर करून ज्ञानूतात्याच्या बायकोला, हिराबाईला, विचारलं, "कोंबरा शिजला काय?"

"आं?"

"शिजला काय, इचारतंव."

"अजून थोडा येळ लागंल," ती कशीबशी बोलली.

"शिजूं दे." बाबा उठले. "बापदेवाम्होरं शिजल्याला वेशीच्या आत न्याचा नाय नि फेकाचा बी नाय. खाऊन संपं पावत कोनी कोनाशी भांडाचा नाय. ह्यो तर त्याच्या अंगावंच शिजलाय. आता तो त्यांचा नाय नि आपला बी नाय. बसा सगले."

हे बाबांनी मनचं काढलं नव्हतं. दरवर्षीच्या त्या जेवणाचा तो नियमच होता. ज्या भावाभावांचे कोर्टात दावे चालले होते, तेही त्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसायचे. हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं, त्यामुळेच एकेकानं काठी करंजाला टेकवली.

"पन बाबा, यांनी देव हालवला," हरेश म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तूच सांगतोस ना, आज्याच्या आज्यापासून तो हालला नाय? मंग आज कसा हालला? त्याच्या मनात नसता त हालला असता काय?" बाबांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि हिराबाईकडचा वाढायचा डाव त्याच्या हातात दिला. "तू वार."

मी घरी पळाले. आय उंबऱ्यावरच होती, तशीच. मी म्हटलं, "आय, भाकऱ्या दे, सगल्या दे." तिला काही कळेचना. "कनाच्या भाकऱ्या? हरेश कुठं हाय?" मी म्हटलं, वाढतोय. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरीचं डोकंच फिरलंय. मग उठली, टोपलीत भाकऱ्या आणि वालाचं बिरडं भरलं, आणि दुखऱ्या पायानं माझ्या पुढे निघाली. मला टोपलीला हात लावू देईना.

पंगत बसली होती. करंजाची पानं पुसून त्यांवर बाजरीची भाकरी, आणि तो रस्सा. आमचं आगरी कालवणही तिखट असतं, पण साताऱ्याचं ते लाल प्रकरण वेगळंच. पहिल्या घासाला आमची सगळी शूर पोरं नाक पुसायला लागली. हिराबाई भीत भीत म्हणाली, "गूळ देऊ का?" आणि पंगत हसली. नेमकी तेव्हाच पोलिसांची जीप वर आली.

जीपमधून हवालदार उतरले आणि त्यांच्या मागून तो लाल टोपीवाला. "हाच तो हरेश," त्यानं बोट दाखवलं. "काठ्या घेऊन लोकांना अडवतात हे. बघा, ह्यांना पण अडवून ठेवलंय."

टोपली डोक्यावर तशीच घेऊन आय जागच्या जागी थांबली. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. हरेशच्या हातात डाव होता, पण काठ्या झाडाला टेकवलेल्या सगळ्यांना दिसत होत्या. आणि त्या पोरानं खोटं काय सांगितलं होतं? अडवून तर ठेवलंच होतं. थोड्या वेळापूर्वी ज्ञानूतात्याची मुलं त्याच्या धोतराला धरून रडत होती. त्यानं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं की हरेश जीपमध्ये, दाखला गेला, नोकरी गेली. आणि त्यानं तसं म्हटलं असतं तर त्याला दोष द्यायची आमची काय प्राज्ञा?

हवालदारांनी त्यालाच विचारलं, "काय हो, अडवून ठेवलंय का तुम्हाला?"

ज्ञानूतात्यानं तोंडातला घास सावकाश गिळला. हरेशकडे बघितलं, काठ्यांकडे बघितलं. "अडवलंय की, सायेब," तो म्हणाला. "जेवल्याबिगर सोडत न्हाईत म्हणत्यात."

सगळी पंगत खो खो हसली, हवालदारही हसले. बाबांनी त्यांना बसायचा आग्रह केला. ते ड्यूटीवर आहे म्हणाले, बाबा नियम आहे म्हणाले, शेवटी हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पानावर बसले. लाल टोपीवाल्यालाही बूट काढायला लावून बसवलं. त्याला हरेशनं वाढलं. जरा जास्तच रस्सा वाढला, एवढं मी नक्की पाहिलं.

आज त्या पायवाटेच्या तोंडाशी पावसाळ्यात बंदीचा फलक असतो आणि शिट्टी घेतलेला शिपाई. आमच्या शेताच्या जागी टॉवर आहे. हरेश त्याच कारखान्यातून रिटायर झाला, आणि आता दर सुट्टीला आम्हा सगळ्यांना गाडीत घालून कुठे कुठे फिरवतो. गेल्या वर्षी अलिबागकडे एका म्हातारीच्या नळावर आम्ही पाय धुतले म्हणून तिनं आम्हाला जे सुनावलं, ते ऐकून मला आत्याची आठवण आली. हरेशनं ते सगळं ऐकून घेतलं. मग तिची माफी मागून त्यानं तिची भरलेली कळशी घरात नेऊन ठेवली. म्हातारी तरी पुटपुटतच होती.

त्या दिवशी चूल विझून दगड गार झाल्यावर हमालांनी ते उचलून पुन्हा खड्ड्यांत बसवले, बाबांनी तेल लावलं, ते सगळं यथासांग झालं. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. हवालदार बसले तेव्हा आय अजून उभीच होती. बापदेवाच्या पंगतीत बाई कधी बसली नव्हती. दरवर्षी कोंबडा आमच्या घरचा, तेल आमचं, मसाला आयच्या हातचा, पण ती वेशीच्या अलीकडूनच माघारी जायची. सातारच्या बायका मात्र बसल्या होत्या, त्यांना कोण उठवणार? आयनं टोपली खाली ठेवली. दुखरा पाय लांब करून ती हिराबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. गावचे पुरुष बाबांकडे बघायला लागले. बाबा खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. आयनं एक पान पुसून पुढे ओढलं आणि हरेशला म्हणाली, "मना बी वार रं."

त्यानं वाकून वाढलं. थोडं तिच्या लुगड्यावर सांडलं. आयनं त्याचं मनगट धरलं, जरा वेळ धरूनच ठेवलं, मग सोडलं आणि पहिला घास घेतला. तिखटानं तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हिराबाई घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तर ही हसायला लागली. पावसाळाभर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"तिकट नाय गो लागला," आय तिला म्हणाली, "सुटले मी."